निर्बंधांखालचा इराण: व्यवहार कोणाच्या हाती गेला आणि समाज कुठे पोहोचला

प्रश्न असा आहे: चार दशकांहून अधिक काळ या ना त्या स्वरूपाचे निर्बंध सोसूनही इराणची राजवट टिकून कशी राहिली, आणि त्याच काळात तिथला समाज, विशेषतः स्त्रिया आणि शहरी तरुण, त्या राजवटीच्या कल्पनांपासून इतका दूर कसा गेला? या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे का, आणि भारताने त्यातून काय समजून घ्यावे?

माझे काम निर्यात-वित्ताचे. मुंबईतून इराणकडे जाणाऱ्या तांदळाची, चहाची आणि औषधांची कागदपत्रे पाहणे, बँकांशी पत्रव्यवहार करणे आणि अडकलेले पैसे सोडवणे यात बरीच वर्षे गेली, त्यामुळे हे उत्तर मुत्सद्द्यापेक्षा बाजाराच्या बाजूने येणार हे आधीच सांगतो. सप्टेंबर 2025 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध पुन्हा लागू झाले, तिथपर्यंतचाच काळ मी विचारात घेतला आहे. माझे मत थोडक्यात असे की, निर्बंधांमुळे इराणचा जगाशी असलेला व्यवहार थांबला नाही. तो कोणी करायचा हे मात्र बदलले. पूर्वी तो ज्यांच्या हातून होत असे, तो खासगी आयातदार, अभियंता, डॉक्टर, छोटा कारखानदार असा मध्यमवर्ग खचत गेला, आणि बंदरे, सीमा व परवाने ज्यांच्या ताब्यात होते ते बळावत गेले. समाजातले बदल मात्र निर्बंधांच्या आधीच सुरू झाले होते आणि ते कोणाच्याच आदेशाची वाट पाहत थांबले नाहीत.

आधी पैशाचा मार्ग पाहू, कारण वर्तमानपत्रांत तो क्वचितच नीट समजावला जातो. मार्च 2012 मध्ये इराणी बँकांना स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-संदेश यंत्रणेतून बाहेर काढण्यात आले आणि त्याच वर्षी जुलैपासून युरोपीय संघाने इराणी तेल घेणे बंद केले. भारताला तेल हवे होते, पण डॉलर किंवा युरोत पैसे देण्याचा रस्ता उरला नव्हता. तेव्हा तेलाच्या किमतीचा 45 टक्के भाग रुपयांत देण्याची सोय झाली. आपल्या तेलशुद्धीकरण कंपन्या युको बँकेतील इराणी बँकांच्या खात्यांत रुपये भरत. त्या रुपयांतून इराणी आयातदार भारतातून बासमती, चहा, सोयाबीनची पेंड, औषधे आणि यंत्रांचे सुटे भाग घेत, आणि आपल्या निर्यातदाराला त्याच खात्यातून पैसे मिळत. युको बँक निवडली गेली, कारण अमेरिकेत तिचे गुंतलेले हितसंबंध जवळपास नव्हते आणि अमेरिकी दंडाची भीती तिला इतर मोठ्या बँकांइतकी नव्हती.

ही व्यवस्था कागदावर सुटसुटीत दिसते. प्रत्यक्षात इराणच्या आयातदाराला आधी आपल्या व्यापार मंत्रालयाकडे मागणीची नोंदणी करावी लागते, मग मध्यवर्ती बँकेकडून परकीय चलनाचे वाटप मिळवावे लागते, आणि त्यानंतरच पतपत्र, म्हणजे पैसे देण्याची बँकेची हमी, उघडते. वाटप लांबले की माल बंदर अब्बासला कंटेनरमध्ये पडून राहतो, जहाज कंपनीचे विलंब-भाडे चढत जाते आणि ते कोणी भरायचे यावर फोनवर फोन सुरू होतात. त्यात गिलान आणि माझांदरान या कास्पियन किनाऱ्यालगतच्या प्रांतांत भातकापणीचा हंगाम आला की स्थानिक शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून परदेशी तांदळाची नोंदणी काही महिने बंद होते. हे दरवर्षीचे आहे, तरीही दरवर्षी कोणीतरी नवखा निर्यातदार ऑगस्टमध्ये जहाज भरून पाठवतो.

मे 2019 मध्ये अमेरिकेने तेल खरेदीच्या सवलती संपवल्या आणि भारताने इराणी तेल घेणे थांबवले. त्या दिवसापासून रुपयांच्या खात्यात नवी आवक बंद झाली. शिल्लक होती तेवढी खर्च होत आटत गेली. 2018-19 मध्ये इराणने आपल्याकडून सुमारे 15 लाख टन बासमती घेतला होता, तो आकडा पुढे बराच खाली आला. इराणी माणसाने भात खाणे कमी केले म्हणून तसे झाले नाही. पैसे आता दुबईतल्या तिसऱ्याच नावाने येऊ लागले, काही हुंडीच्या वाटेने, काही मालाच्या अदलाबदलीने. आणि नेमके इथेच माणसे बदलली. तिसऱ्या देशात नाव, खाते आणि ओळख उभी करणे ज्याला परवडते तोच धंद्यात राहिला. तेहरानच्या बाजारातला तीन पिढ्यांचा, शब्दाला जागणारा, पण दुबईत कोणीच नसलेला आयातदार दुकान गुंडाळून बसला.

दुसरे उदाहरण एप्रिल 2018 चे. रियाल घसरू लागल्यावर सरकारने डॉलरचा अधिकृत भाव 42,000 रियाल असा गोठवला आणि आवश्यक वस्तूंच्या आयातीसाठी त्या भावाने चलन द्यायचे ठरवले. काही महिन्यांत खुल्या बाजारातला भाव त्याच्या तिपटीहून पुढे गेला. आता विचार करा: ज्याला 42,000 ने डॉलर मिळतो आणि जो माल खुल्या भावाने विकू शकतो, त्याला व्यापारी कौशल्याची गरजच काय? त्याला फक्त वाटपाच्या यादीत नाव हवे. ही दुहेरी भावाची पद्धत 2022 मध्ये बहुतांश वस्तूंसाठी मोडीत निघाली, तोवर तिने नव्या श्रीमंतांचा एक थर तयार केला होता. आपल्याकडे परवाना राज पाहिलेल्या पिढीला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

मोठ्या प्रकल्पांतही हेच घडले. दक्षिण पार्स वायुक्षेत्राच्या अकराव्या टप्प्याचा करार जुलै 2017 मध्ये फ्रान्सच्या तोताल कंपनीने केला. सोबत चीनची सरकारी तेल कंपनी आणि इराणची सरकारी पेत्रोपार्स होती. 8 मे 2018 रोजी अमेरिका 2015 च्या अणुकरारातून बाहेर पडली, त्या वर्षी तोताल गेली. 2019 मध्ये चिनी कंपनीही गेली. उरली एकटी पेत्रोपार्स. उत्पादन 2023 मध्ये सुरू झाले, म्हणजे काम झाले, पण उशिरा, आणि खासगी किंवा परदेशी भागीदाराशिवाय. रस्ते, धरणे, बंदरे यांच्या कंत्राटांत राजवटीच्या क्रांतिरक्षक दल या लष्करी दलाशी संलग्न खातम-अल-अंबिया ही संस्था मोठी झाली, आणि 1979 च्या इस्लामी क्रांतीनंतर जप्त झालेल्या मालमत्तेवर उभी राहिलेली, करमुक्त सवलती उपभोगणारी प्रतिष्ठाने उद्योगांत पसरत गेली.

तेलाचेही पाहा. आज इराणच्या निर्यात होणाऱ्या तेलाचा बहुतांश भाग चीनला जातो. तो मुख्यतः शानडोंग प्रांतातल्या छोट्या खासगी शुद्धीकरण कारखान्यांकडे जातो, वाटेत मलेशियाजवळच्या समुद्रात एका जहाजातून दुसऱ्या जहाजात चढतो आणि चीनच्या सीमाशुल्क नोंदींत इराणचे नावच दिसत नाही. ग्राहक एकच असला की तो भावात घासाघीस करतो, हे कोणत्याही व्यापाऱ्याला ठाऊक असते. इराणला सवलतीत विकावे लागते आणि मोबदल्याचा बराच भाग चिनी मालाच्या रूपाने घ्यावा लागतो. 2021 मध्ये चीनशी झालेल्या पंचवीस वर्षांच्या कराराचे आणि जानेवारी 2025 मध्ये रशियाशी झालेल्या व्यापक भागीदारी कराराचे वजन या पार्श्वभूमीवर जोखावे. रशियाच्या करारात परस्पर संरक्षणाचे कलम नाही, आणि जून 2025 मध्ये इस्राएलशी बारा दिवसांचे युद्ध झाले, अमेरिकेने फोर्दो, नतान्झ आणि इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर बाँब टाकले, तेव्हा मॉस्को आणि बीजिंगकडून निषेधापलीकडे फारसे काही आले नाही. पूर्वेकडे वळण्याचे धोरण तेहरानने आवडीने निवडले असे मानणाऱ्यांना मी नेहमी विचारतो, पश्चिमेकडच्या दुकानात त्याला उधारी कोण देत होते?

औषधांबाबत एक गैरसमज दोन्ही बाजूंनी पसरवला जातो. अमेरिकी कायद्यात अन्न आणि औषधांना सूट आहे, हे खरे. इराण आपली बहुतांश औषधे स्वतः बनवतो, हेही खरे. त्यासाठी लागणारा कच्चा माल मोठ्या प्रमाणात भारत आणि चीनकडून जातो. तरीही रुग्णाला औषध मिळत नाही, कारण सूट मालाला आहे आणि भीती बँकेला आहे. 2014 मध्ये बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेला सुदान, इराण आणि क्युबाशी केलेल्या व्यवहारांसाठी अमेरिकेने सुमारे 8.9 अब्ज डॉलरचा दंड केला. त्यानंतर कोणत्या बँकेचा अधिकारी काही हजार डॉलरच्या औषधाच्या बिलावर सही करील? कातडी जराशा घर्षणाने सोलवटणाऱ्या दुर्मिळ आजाराच्या मुलांसाठी लागणाऱ्या खास पट्ट्या बनवणाऱ्या स्वीडिश कंपनीनेही याच धास्तीने इराणला पुरवठा थांबवला होता. युरोपने 2019 मध्ये इन्स्टेक्स नावाची पर्यायी व्यवस्था उभारली. तिचा पहिला व्यवहार मार्च 2020 मध्ये झाला आणि 2023 मध्ये ती गुंडाळली गेली. मधल्या काळात तिच्याविषयी जितकी पत्रके निघाली, तितकी बिले काही तिच्यातून चुकती झाली नाहीत.

आता समाजाकडे येतो. इथे सुरुवात अणुप्रश्नापासून न करता गावातल्या आरोग्यघरापासून करावी असे मला वाटते. 1980 च्या दशकात इराणने ग्रामीण भागात आरोग्यघरांचे जाळे विणले. प्रत्येक आरोग्यघरात त्याच पंचक्रोशीतली, प्रशिक्षण घेतलेली एक स्त्री किंवा पुरुष आरोग्यसेवक नेमला जाई. लसीकरण, बाळंतपणाआधीची तपासणी, गावातल्या प्रत्येक कुटुंबाची नोंद हे त्याचे काम. इराकशी चाललेल्या युद्धाच्या काळात लोकसंख्या वाढवा असे सांगणाऱ्या राजवटीने 1988 मध्ये युद्ध संपताच हिशेब मांडला आणि 1989 पासून कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम जोमाने हाती घेतला. गर्भनिरोधके मोफत, लग्नाआधी जोडप्याला समुपदेशनाचा वर्ग सक्तीचा, आणि या सगळ्याला धर्मगुरूंची संमती. 1980 च्या दशकाच्या मध्याला एका स्त्रीला सरासरी सहाहून अधिक मुले होत. 2000 च्या आसपास हा आकडा दोनवर आला. इतक्या थोड्या वर्षांत इतकी घट जगात फारच थोड्या देशांनी पाहिली आहे.

त्याबरोबर शाळा गावापर्यंत पोहोचल्या. परंपरानिष्ठ घरांतल्या ज्या मुलींना शहाच्या काळात घराबाहेर पाठवले जात नसे, त्यांना इस्लामी राजवटीतील शाळेत पाठवायला बापांची हरकत राहिली नाही, आणि या शतकाच्या सुरुवातीला विद्यापीठ प्रवेशपरीक्षेत उत्तीर्ण होऊन दाखल होणाऱ्यांत मुली निम्म्याहून अधिक झाल्या. म्हणजे ज्या पिढीने 2022 मध्ये ‘स्त्री, जीवन, स्वातंत्र्य’ अशी घोषणा दिली, ती याच प्रजासत्ताकाच्या शाळांत शिकलेली आणि लहान कुटुंबात वाढलेली पिढी आहे. तिला परदेशातून कोणी भडकवले असे म्हणणे हा या मुलींच्या आयांचा अपमान आहे. अडचण पुढे येते: पदवी मिळते, पण नोकरी करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सात-आठजणींत एक एवढेच राहते. कायद्याचे अडथळे आहेतच. शिवाय निर्बंधांखाली आक्रसलेल्या अर्थव्यवस्थेत खासगी सेवाक्षेत्र वाढले नाही, जिथे या मुलींना जागा मिळाली असती. राजवटीने 2014 नंतर लोकसंख्येचे धोरण पुन्हा उलटे फिरवले आणि 2021 मध्ये जन्मदर वाढवण्याचा कायदाही केला, पण जन्मदर काही कायद्याचे ऐकत नाही.

कायदा आणि रीत यांतले अंतर हा इराणी जीवनाचा रोजचा भाग आहे. उपग्रह वाहिन्यांच्या तबकड्यांवर 1990 च्या दशकाच्या मध्यापासून बंदी आहे आणि गच्च्यांवर त्या आहेत. टेलिग्राम 2018 मध्ये, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप 2022 मध्ये बंद झाले. घरोघरी अडथळा ओलांडणारे ॲप आले, आणि असंख्य बायका इन्स्टाग्रामवरून कपडे, केशर, सुकामेवा, घरी केलेले पदार्थ विकत राहिल्या. व्हॉट्सॲपवरची बंदी डिसेंबर 2024 मध्ये उठली. सर्वांत बोलके उदाहरण हिजाबचे आहे. महसा अमिनी या तरुणीचा 16 सप्टेंबर 2022 रोजी पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू झाला, त्यानंतरचे आंदोलन बळाने मोडले गेले, कित्येक तरुण मारले गेले, काहींना फाशी झाली. तरीही तेहरानच्या रस्त्यांवर डोके न झाकता फिरणाऱ्या स्त्रिया पुढे दिसतच राहिल्या. संसदेने अधिक कडक हिजाब कायदा संमत केला, पण डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च राष्ट्रीय सुरक्षा परिषदेने त्याची अंमलबजावणी रोखून धरली. राजवट माघार घेतल्याचे कधी जाहीर करीत नाही. ती फाइल दाबून ठेवते. सरकारी कचेऱ्यांत आयुष्य घालवलेल्या कोणाही मराठी माणसाला या युक्तीची ओळख आहे.

इथवर वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की असा समाज बाहेरच्या धक्क्याची वाट पाहत बसला असेल. हा तर्क बऱ्याच परदेशी राजधान्यांत केला जातो आणि तो चुकतो. तेलाचे राष्ट्रीयीकरण करणाऱ्या पंतप्रधान मोसद्देक यांचे सरकार ऑगस्ट 1953 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेच्या मदतीने उलथवले गेले, ही आठवण तिथे शाळेच्या पुस्तकापुरती नाही. 1980 ते 1988 च्या युद्धात इराकने रासायनिक अस्त्रे वापरली, जून 1987 मध्ये सरदश्त या गावावर ती टाकली गेली आणि जगाने डोळेझाक केली; जुलै 1988 मध्ये अमेरिकी युद्धनौकेने इराण एअरचे प्रवासी विमान पाडले आणि 290 माणसे मेली. ज्या पिढीने हे सोसले ती आज निर्णय घेणाऱ्या खुर्च्यांवर आहे. जून 2025 च्या बाँबवर्षावात राजवटीचे कडवे टीकाकार, अगदी तुरुंगातून सुटून आलेलेही, परदेशी हल्ल्याविरुद्ध बोलले. आणि हल्ल्यांत एविन तुरुंगही सुटला नाही, जिथे राजवटीचेच विरोधक कोंडलेले होते.

विरोधाचाही एकच चेहरा नाही. 2009 मध्ये रस्त्यावर आला तो प्रामुख्याने तेहरानचा मध्यमवर्ग, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतल्या मतमोजणीवरून. नोव्हेंबर 2019 मध्ये पेट्रोलचा कोट्यातला भाव लिटरला 10,000 वरून 15,000 रियाल आणि कोट्यापलीकडे 30,000 झाला, तेव्हा पेटली ती छोटी शहरे आणि गरीब उपनगरे, म्हणजे राजवट ज्यांना आपले म्हणते ती माणसे. सरकारने जवळपास आठवडाभर इंटरनेट तोडले. या दोन गटांची गाठ क्वचित पडते. पूर्वी ही गाठ बाजार घालून देत असे: 1891 च्या तंबाखू-मक्त्याविरुद्धचा बहिष्कार, साखर व्यापाऱ्यांना फटके मारल्यावरून 1905 मध्ये पेटलेले आणि राज्यघटनेपर्यंत पोहोचलेले आंदोलन, 1978-79 चे बंद, या सर्वांत दुकानदार आणि धर्मगुरू एकत्र होते. खासगी व्यापारी खचला की ही गाठ घालणारा हातही दुबळा होतो. राजवट टिकण्याच्या कारणांत मी दमनयंत्रणेनंतर लगेच याचा क्रम लावतो, आणि निर्बंध आखणाऱ्यांनी याचा विचार केलेला मला कुठे दिसला नाही.

जुलै 2015 च्या अणुकरारानंतर उलट दिशेची झलक दिसली होती. इराणने युरेनियमचे समृद्धीकरण 3.67 टक्क्यांवर मर्यादित केले, जानेवारी 2016 मध्ये निर्बंध सैल झाले, एअरबसकडे शंभर आणि बोइंगकडे ऐंशी विमानांचे करार झाले. एअरबसची प्रत्यक्षात आली ती तीनच. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रूहानी आणि परराष्ट्रमंत्री झरीफ यांनी जगाशी बोलून प्रश्न सुटतो असे मतदाराला सांगितले होते. करार मोडला तेव्हा हे सांगणाराच खोटा पडला. 2024 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या पहिल्या फेरीत मतदान सुमारे 40 टक्के झाले, क्रांतीनंतरच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकांतले सर्वांत कमी. मध्यममार्गी पेझेश्कियान निवडून आले, पण ज्या वर्गाने एकेकाळी सुधारणावादी राष्ट्राध्यक्ष खातमींना डोक्यावर घेतले होते त्यातले बरेच जण घरी बसले किंवा देश सोडून गेले. मार्च 2025 मध्ये खुल्या बाजारात डॉलर दहा लाख रियालच्या पलीकडे पोहोचला. 2015 मध्ये तो तीस-पस्तीस हजारांत मिळत असे. पगारदाराची आयुष्यभराची बचत या दोन आकड्यांच्या मध्ये विरघळली आहे.

राहिला भारत. मुंबई-पुण्यातल्या इराण्याच्या हॉटेलांमुळे आपल्याला हा देश ओळखीचा वाटतो, पण ती कुटुंबे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याझ्दकडून आलेली. त्या ओळखीचा आजच्या तेहरानशी व्यवहार करताना उपयोग होत नाही. आपला खरा प्रश्न चाबहारचा आहे. हे बंदर होर्मुझच्या सामुद्रधुनीबाहेर, ओमानच्या आखातावर आहे, आणि पाकिस्तानला वळसा घालून अफगाणिस्तान व मध्य आशियात जाण्याचा आपला तोच व्यवहार्य मार्ग. ऑक्टोबर 2017 मध्ये कांडल्याहून अफगाणिस्तानसाठी गहू याच वाटेने गेला, डिसेंबर 2018 मध्ये तिथल्या शहीद बेहेश्ती धक्क्याचे काम भारतीय कंपनीने हाती घेतले, आणि 13 मे 2024 रोजी दहा वर्षांचा करार झाला. अमेरिकेने 2018 मध्ये दिलेली निर्बंधमुक्ती सप्टेंबर 2025 मध्ये मागे घेतली, म्हणजे भारताच्या प्रकल्पाचे वेळापत्रक पुन्हा वॉशिंग्टनच्या मुदतींवर टांगले गेले.

माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्यांना मी इराण सोडा असे सांगत नाही. पैसे आगाऊ घ्या, किंवा निदान माल बंदरात उतरण्याआधी चलनवाटपाची प्रत हातात घ्या. कापणीच्या महिन्यांत तांदूळ पाठवू नका. आणि पैसे तिसऱ्या नावाने येणार असतील तर ते नाव कोणाचे आहे याची चौकशी माल भरण्याआधी करा, कारण नंतर ती तुमची बँक करील. धोरण आखणाऱ्यांना सांगायचे तर, रुपयांच्या खात्यासारखी सोय तेलावर अवलंबून ठेवली तर तेल थांबताच ती कोरडी पडते, हे 2019 ने दाखवून दिले आहे. इराणकडून घेण्यासारखे तेलाशिवायही आहे, पिस्ते, खजूर, केशर, सफरचंद. त्यांची आयात त्याच खात्यातून आणि छोट्या व्यापाऱ्यांच्या हातून वाढली, तर रक्कम लहान असेल, पण तेहरानच्या बाजारातल्या त्या दुबईत कोणीच नसलेल्या आयातदाराला आपला माल घेण्यासाठी रुपये मिळत राहतील.